हॅरिस शिल्ड, एक रनआउट आणि विसरलेला चॅम्पियन: जॉर्ज कूल्थार्डची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका सोप्या प्रश्नाने करूया. हॅरिस शिल्ड ऐकलंय ना? मुंबईतली शालेय क्रिकेटची स्पर्धा. 1988 साली आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने 664 धावांची अभेद्य भागीदारी केली, ती याच स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये. 2009 मध्ये सर्फराज खानच्या 439 आणि 2013 मध्ये पृथ्वी शॉच्या 546 धावाही याच स्पर्धेतल्या. म्हणजे ही ढाल आपल्याला चांगली माहितीये. पण हा हॅरिस कोण?

लॉर्ड हॅरिस. इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा कॅप्टन आणि 1890 ते 1895 या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. आणि हाच माणूस गव्हर्नर होण्याच्या अकरा वर्षं आधी, सिडनीत भर मैदानात काठीचा फटका खाऊन उभा होता. समोर दोन हजारांचा जमाव. आणि जमावाला हॅरिस नको होताच. त्यांना हवा होता त्याच्या शेजारी उभा असलेला बावीस वर्षांचा एक पोरगा.

त्या पोराचं नाव जॉर्ज कूल्थार्ड. आजची गोष्ट त्याची आहे. क्रिकेटच्या इतिहासात तो एका ओळीत येतो: 'दंगल पेटवणारा पंच.' पण मेलबर्नमध्ये लोक त्याला वेगळ्याच कारणासाठी ओळखायचे. तो त्यांच्या फुटबॉलचा हिरो होता.

आता फुटबॉल म्हटल्यावर मेस्सी-रोनाल्डोवाला डोळ्यांसमोर आणू नका. हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, ज्याला तिकडे लाडाने 'फूटी' म्हणतात. याची जन्मकथाही क्रिकेटशीच जोडलेली आहे. 1858 साली मेलबर्नमधल्या टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं असं की थंडीच्या दिवसांत आपले क्रिकेटपटू नुसते बसून राहतात, अंग जड होतं, तर त्यांच्यासाठी एखादा फुटबॉल क्लब काढा. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1859 मध्ये, विल्स आणि त्याच्या काही सोबत्यांनी मेलबर्न क्लबचे नियम लिहून काढले. इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशन 1863 मध्ये स्थापन झाली. म्हणजे या ऑस्ट्रेलियन खेळाचे लेखी नियम त्याच्याही आधीचे.

खेळ कसा? मैदान क्रिकेटचंच, मोठं आणि गोल. ऑफसाइड नाही. चेंडू घेऊन पळता येतं, पण पळताना मध्ये मध्ये तो जमिनीवर आपटावा लागतो. किक मारलेला चेंडू हवेतच झेलला की त्याला 'मार्क' म्हणतात, आणि झेलणाऱ्याला निवांत किक मारायची संधी मिळते. आज एका बाजूला अठरा खेळाडू असतात, कूल्थार्डच्या काळात वीस असायचे. आणि त्या वेळी मोजायचे ते फक्त गोल. गोलच्या बाजूने थोडक्यात हुकलेल्या चेंडूला आज एक गुण मिळतो, तेव्हा त्याची किंमत शून्य. त्यामुळे आख्ख्या सामन्यात दोन-तीन गोल झाले तरी लोक खूश असायचे. अशा काळात जो हमखास गोल करतो, त्याला लोक डोक्यावर घेणारच.

जॉर्ज कूल्थार्ड जन्मला 1 ऑगस्ट 1856 रोजी, मेलबर्नजवळच्या बोरूंडारा भागात. 1876 पासून तो कार्लटन क्लबकडून खेळायला लागला. कार्लटन तेव्हाही मोठा क्लब होता आणि आजही आहे. 1877 साली व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या पहिल्याच हंगामात कार्लटन विजेता ठरला. त्या संघात कूल्थार्ड होता. पुढची काही वर्षं तो गोल करणाऱ्यांत अव्वल राहिला. गरज पडेल तिथे खेळायचा, वेगाने पळायचा, अंगावर येणाऱ्याला हुलकावणी द्यायचा. 1879 च्या जुलैमध्ये व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या दोन वसाहतींमध्ये पहिला आंतर-वसाहत सामना झाला. व्हिक्टोरियाने 7 गोल केले, समोरच्यांना एकही करता आला नाही. कूल्थार्ड व्हिक्टोरियाच्या संघात होता.

त्याच्याबद्दलचा एक किस्सा तर असा आहे की सिनेमात दाखवला तर आपण म्हणू, 'काहीही!' 1877 मध्ये कार्लटनचा संघ सिडनीला गेला. तिथल्या वॉराटाह क्लबशी दोन सामने ठरले होते, एक रग्बीच्या नियमांनी आणि एक व्हिक्टोरियन नियमांनी. निकाल अगदी अपेक्षित. रग्बीत सिडनीवाले जिंकले, आपल्या खेळात कार्लटनवाले. याच दौऱ्यात कूल्थार्ड सिडनीच्या खाडीत होडीतून मासे धरायला गेला. होडीच्या काठावर बसला होता, कोटाची टोकं पाण्याकडे लोंबत होती. शार्कने तो कोट पकडला आणि गड्याला थेट पाण्यात ओढलं. बिचाऱ्याचं नशीब की कोट गेला आणि जीव वाचला. घटना घडली ती शार्क आयलंड नावाच्या बेटाजवळ. नावात धोक्याची पाटी होतीच म्हणा!

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्या काळी हा फुटबॉल हौशी होता. म्हणजे हजारो लोक तुम्हाला बघायला येणार, पेपरात तुमचं नाव छापून येणार, पण अधिकृतपणे हातात पैसा येणार नाही. मग घर कसं चालवायचं? कूल्थार्डने मेलबर्न क्रिकेट क्लबमध्ये ग्राउंड बोलर म्हणून नोकरी धरली. काम काय, तर क्लबच्या मेंबर मंडळींना नेटमध्ये चेंडू टाकायचे आणि मैदानावरची पडेल ती कामं करायची. थोडक्यात, हिवाळ्यात शहराचा स्टार आणि उन्हाळ्यात साहेब लोकांच्या बॅटिंगसाठी बोलिंग करणारा पगारी माणूस.

1878-79 च्या उन्हाळ्यात लॉर्ड हॅरिसचा इंग्लिश संघ ऑस्ट्रेलियात आला, तो याच मेलबर्न क्रिकेट क्लबच्या आमंत्रणावरून. तेव्हा तटस्थ पंच वगैरे प्रकार नव्हता. दोन्ही बाजू आपापला एक पंच आणायच्या. कसोटीत दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे असावेत हा नियम आयसीसीने आणला 2002 मध्ये. म्हणजे तोवर सव्वाशे वर्षं जायची होती. हॅरिसला एक पंच हवा होता, क्लबने आपला कूल्थार्ड दिला. 2 जानेवारी 1879 रोजी मेलबर्नमध्ये कसोटी सुरू झाली, तेव्हा कूल्थार्डचं वय होतं 22 वर्षं आणि 154 दिवस. इतक्या तरुण वयात कसोटीत पंच म्हणून दुसरं कोणीच उभं राहिलेलं नाही. याच सामन्यात फ्रेड स्पॉफर्थने कसोटी इतिहासातली पहिली हॅटट्रिक घेतली आणि ऑस्ट्रेलिया दहा गडी राखून जिंकली. कूल्थार्डच्या पंचगिरीबद्दल कुरबुर झाली नाही. हॅरिसला तो पसंत पडला आणि पुढच्या दौऱ्यात त्याने त्याला सोबत घेतलं. दौरा होता सिडनीचा.

आणि इथे खरी गडबड आहे. ऑस्ट्रेलिया हा देश तेव्हा अस्तित्वातच नव्हता, होत्या वेगवेगळ्या ब्रिटिश वसाहती. सिडनी न्यू साउथ वेल्समध्ये, मेलबर्न व्हिक्टोरियामध्ये. दोघांचं अजिबात पटायचं नाही. व्यापार, जकात, पैसा, मोठेपणा, प्रत्येक गोष्टीत चुरस. व्हिक्टोरिया बाहेरच्या मालावर जकात लावायची, न्यू साउथ वेल्सवाले खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते. आपल्याकडे मुंबई-पुणे म्हटलं की निदान विनोद तरी होतात, तिकडे हे प्रकरण जास्त कडवट होतं. आता विचार करा. सिडनीचं मैदान, सिडनीचा संघ, समोर इंग्रज, आणि इंग्रजांचा पंच कोण? मेलबर्नचा पोरगा, मेलबर्नच्या क्लबचा नोकर, त्यात मेलबर्नच्या फुटबॉलचा हिरो.

सामना सुरू झाला. इंग्रजांनी केल्या 267. त्यांच्या डावात हॅरिस यष्टीमागे झेलबाद असल्याचं अपील झालं होतं, कूल्थार्डने ते फेटाळलं, आणि तो निर्णय चुकला अशी चर्चा सिडनीच्या पेपरांत झाली. न्यू साउथ वेल्सचा पहिला डाव 177 वर संपला. त्यात एकटा बिली मर्डॉक टिकला. सलामीला आला आणि शेवटपर्यंत 82 वर नाबाद राहिला. फॉलोऑन मिळाला. सगळ्या सिडनीची आशा आता मर्डॉकवर.

शनिवार, 8 फेब्रुवारी 1879. मैदानात सुमारे दहा हजार लोक. दुसऱ्या डावात मर्डॉक 10 धावांवर असताना रनआउटचं अपील झालं. कूल्थार्डने बोट वर केलं.

ना रिप्ले, ना थर्ड अंपायर. त्याने जे पाहिलं ते सांगितलं. पण गर्दीत सट्टेवाले होते आणि सामन्यावर बराच पैसा लागला होता. पॅव्हेलियनमधून ओरडा सुरू झाला, तो मैदानभर पसरला. 'मर्डॉकला परत बोलवा! पंच बदला!' न्यू साउथ वेल्सचा कॅप्टन डेव्ह ग्रेगरीने पुढचा फलंदाज पाठवलाच नाही. हॅरिस त्याला भेटायला गेला. ग्रेगरीचं म्हणणं एकच, हा पंच हटवा. हॅरिसचं उत्तर, नाही हटवणार. तेवढ्यात लोक कुंपण ओलांडून आत घुसले. साधारण दोन हजार.

हॅरिसने नंतर लिहिलेल्या पत्रात या प्रसंगाचं वर्णन केलंय. गर्दी कूल्थार्डकडे सरकताना पाहून तो त्याला वाचवायला परत मैदानात धावला आणि तेव्हाच कोणीतरी त्याला काठीने मारलं. संघातला हॉर्नबी दिसायला छोटासा, पण बॉक्सिंग जाणणारा. त्याने त्या मारणाऱ्याची मानगूट धरली आणि त्याला खेचत पॅव्हेलियनपर्यंत नेलं. वाटेत त्याच्याही तोंडावर ठोसा बसला, अंगातला शर्ट जवळजवळ फाटून गेला. संघातल्या दोघा व्यावसायिक खेळाडूंनी, एमेट आणि युलियेटने, संरक्षणासाठी स्टंप उपटून हातात घेतले. हॅरिसने आपल्या माणसांना मैदान सोडू दिलं नाही, कारण बाहेर पडलो तर सामना सोडला असं ठरवतील ही त्याला भीती होती. सुमारे दीड तास तो त्या गोंगाटात उभा राहिला. मैदान मोकळं केलं की लोक पुन्हा आत. शेवटी त्या दिवशी खेळ झालाच नाही. ऑस्ट्रेलियात लहान मुलांनाही माहीत असलेलं 'वॉल्टझिंग मटिल्डा' लिहिणारा कवी बँजो पॅटरसन तेव्हा शाळकरी पोरगा होता. त्या घुसलेल्या गर्दीत तोही होता असं सांगतात.

सोमवारी खेळ पुन्हा सुरू झाला, पण त्यात जीव उरला नव्हता. न्यू साउथ वेल्सचा डाव 49 वर आटोपला. इंग्रज एक डाव आणि 41 धावांनी जिंकले. दंगल केल्याबद्दल दोघांवर खटला चालून त्यांना दंड झाला. पण कूल्थार्डचं काय? बाजारात वावडी उठली की त्यानेच इंग्रजांवर पैसे लावले होते. त्याने ती नाकारली, हॅरिसनेही नाकारली. पण वावडी एकदा सुटली की परत येत नाही, हे व्हॉट्सॲपच्या आधीही खरं होतं.

मला इथे एक तुलना करावीशी वाटते. त्या दिवशी मैदानात दोन पंच होते. दुसरा होता एडमंड बार्टन, सिडनीचा तिशीतला बॅरिस्टर. त्याने कूल्थार्डचा निर्णय योग्य असल्याचं हॅरिसला सांगितलं, आणि ग्रेगरीला समजावून खेळ पुढे न्यायचा प्रयत्नही केला. म्हणजे दोघांची बाजू एकच. पण बार्टन सिडनीचाच, शिकलेला, ओळखीचा. गर्दीने त्याला हातही लावला नाही. उलट या प्रकरणात त्याचं नाव झालं, त्याच वर्षी तो न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेत निवडून आला आणि 1901 मध्ये ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला. एकच मैदान, एकच दुपार, एकच निर्णय. एकाच्या चरित्रात ती दुपार म्हणजे पहिली पायरी. दुसऱ्याच्या बाबतीत तेवढंच लक्षात राहिलं.

आणि लॉर्ड हॅरिस? त्याची नाराजी मोठी होती. सिडनीतला पुढचा सामना त्याने खेळला नाही. 1880 मध्ये ऑस्ट्रेलियन संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांना सामने मिळायची मारामार झाली. अखेर सरे क्लबचा सेक्रेटरी चार्ल्स ऑलकॉकने मध्यस्थी केली, हॅरिस राजी झाला आणि सप्टेंबरमध्ये ओव्हलवर सामना ठरला. इंग्लंडच्या भूमीवरची ही पहिली कसोटी. इंग्लंडचा कॅप्टन हॅरिस, ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन बिली मर्डॉक. तोच, रनआउटवाला. इंग्लंड जिंकलं, पण मर्डॉकने नाबाद 153 ठोकल्या. दहा वर्षांनी हॅरिस मुंबईला आला तेव्हा पुन्हा मैदानाचाच तंटा त्याच्यापुढे आला. मैदानावर पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळायची, गोऱ्या साहेबांना तिथेच पोलो हवा होता. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडायच्या. स्थानिकांनी अर्ज केले, पण हॅरिसच्या सरकारने साहेबांचं ऐकलं. सिडनीत नोकर पंचाच्या बाजूने ठाम उभा राहिलेला हॅरिस आणि मुंबईत अर्जदारांना नकार देणारा हॅरिस, दोन्ही एकाच माणसाचे चेहरे आहेत. ढालीवर नाव वाचताना दोन्ही लक्षात ठेवायला हवेत.

पण आपण परत कूल्थार्डकडे येऊ, कारण त्याच्या गोष्टीतला सगळ्यात भारी योगायोग अजून बाकी आहे.

दंगलीनंतर तो मेलबर्नला परतला आणि फुटबॉल खेळत राहिला. साउथ ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तो 7-0 चा सामना दंगलीनंतर पाचच महिन्यांनी झालेला आहे. म्हणजे गडी खचून बसला नव्हता. क्रिकेटही चालू होतं. आणि फेब्रुवारी 1882 मध्ये त्याची ऑस्ट्रेलियाच्या कसोटी संघात निवड झाली. मैदान कोणतं? सिडनीचं असोसिएशन ग्राउंड, ज्याला आपण आज एससीजी म्हणतो. दंगल झाली तेच. आणि कॅप्टन कोण? बिली मर्डॉक! ज्याला बाद दिल्यामुळे दोन हजार लोक अंगावर धावून आले, त्याच्याच नेतृत्वाखाली, त्याच गवतावर, तीन वर्षांनी कूल्थार्ड देशासाठी उतरला. बहुतेक लोक आधी खेळतात आणि निवृत्तीनंतर पंच होतात. या गड्याचा क्रम उलटा.

अकराव्या नंबरवर त्याने नाबाद 6 धावा केल्या, बोलिंग मिळाली नाही, ऑस्ट्रेलिया पाच गडी राखून जिंकली. ती त्याची खेळाडू म्हणून एकमेव कसोटी. स्कोअरकार्डवर किरकोळ दिसणारी. पण मला वाटतं, सिडनीत पुन्हा पाऊल ठेवून त्या पायऱ्या उतरायला जे लागतं ते स्कोअरकार्डवर लिहायची सोय नसते.

या कसोटीनंतर जेमतेम महिन्याभराने, 24 मार्च 1882 रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. तारीख सांगायचं कारण असं की कूल्थार्डला याच रोगाने गाठलं. रोग कशाने होतो हे कळलं होतं, पण त्यावर खात्रीचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून साठ वर्षं होती. ज्याच्या दमावर वीस जणांचा संघ पळायचा, त्याची फुप्फुसंच निकामी होत गेली. 22 ऑक्टोबर 1883 रोजी कार्लटनमध्येच तो वारला. वय फक्त 27.

आज या खेळाची लीग म्हणजे एएफएल. तिचा फायनल बघायला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर लाखभर लोक जमतात, खेळाडू करोडोंमध्ये कमावतात. कूल्थार्डच्या काळी ना लीग होती, ना पगार, ना व्हिडिओ. 1897 मध्ये मोठ्या क्लबांची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली आणि बरेचसे रेकॉर्ड तिथपासून मोजले जाऊ लागले. त्याआधी खेळलेले हिरो आपोआप मागे पडले. त्याचे गोल मोजणारे प्रेक्षक गेले. राहिलं काय, तर क्रिकेटच्या पुस्तकातली ती एक दुपार.

म्हणून हा भाग करावासा वाटला. आपण आजही हेच करतो ना? एखाद्या पंचाचा एक निर्णय, एखाद्या खेळाडूचा एक सुटलेला कॅच, त्याची क्लिप फिरते आणि त्या माणसाचं आख्खं आयुष्य त्या दहा सेकंदांत मावतं. पुढच्या वेळी अशी क्लिप फॉरवर्ड करायच्या आधी या कार्लटनच्या पोराला आठवा. चॅम्पियन फुटबॉलपटू, शार्कच्या तोंडून सुटलेला, सर्वात तरुण कसोटी पंच, आणि ज्या मैदानाने त्याला हाकललं तिथेच नाबाद राहिलेला.

आणि हो, हॅरिस शिल्डची बातमी वाचाल, तेव्हा शेजारच्याला ही गोष्ट नक्की सांगा. मी पैज लावतो, त्याला माहीत नसणार. अर्थात पैजेमुळे काय होतं, ते आज आपण ऐकलंच!

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, काळजी घ्या.